जुन्या एमजीबीच्या बॉनेटखालचा होजचा गुंता कसा सोडवायचा

अमेरिकेत विकलेली सत्तरच्या दशकातली एमजीबी (एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्सकार) घेतलीत, बॉनेट उघडलं, आणि वडाच्या पारंब्यांसारख्या लोंबणाऱ्या काळ्या नळ्या बघून परत बंद केलं, असं बऱ्याच जणांचं होतं. त्यात मागच्या मालकानं (आणि त्याच्याही मागच्या मालकानं) आपापल्या अकलेप्रमाणे दोन नळ्या इकडच्या तिकडे केलेल्या असतात, एका नळीच्या तोंडात बोल्ट ठोकलेला असतो, एक नळी कुठेच जोडलेली नसते, आणि गाडी चालते पण धड चालत नाही. मग लोक कार्ब्युरेटर उघडतात, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फिरवतात, आणि होजकडे शेवटी येतात. उलटं करा, आधी होज.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: गाडीवर आत्ता जे जोडलंय ते बरोबर असेलच असं अजिबात धरू नका, आणि "कुठली नळी कुठे" हे पाठ करायलाही जाऊ नका. प्रत्येक नळीला एकच प्रश्न विचारायचा, यातून काय जातंय आणि कोण ओढतंय? हवा, पेट्रोलची वाफ, इंजिनातली वाफ की नुसता व्हॅक्यूमचा इशारा? उत्तर कळलं की नळी कुठे जायला पाहिजे ते आपोआप कळतं.

आधी गाडी नक्की कुठली ते ठरवा. एमजीबी ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनली आणि अमेरिकेच्या मार्केटसाठी यातली सामग्री जवळजवळ दरवर्षी बदलत गेली. १९६८ पासून एअर पंप आला, पेट्रोलची वाफ पकडणारा चारकोल कॅनिस्टर आधी १९७० ला कॅलिफोर्नियाच्या गाड्यांवर आणि मग पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकन गाड्यांवर, १९७२ ला एसयू कंपनीच्या एचएस४ च्या जागी त्यांचेच एचआयएफ४ कार्ब्युरेटर, १९७३ च्या सुमारास ईजीआर (थोडा एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात सोडणारी सोय) आणि रन-ऑन (चावी बंद केल्यावरही इंजिन फिरत राहणं) रोखणारा व्हॉल्व्ह, आणि १९७५ पासून दोन एसयू काढून एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर. म्हणून ७२ सालची आकृती ७७ च्या गाडीला लावून बसलात तर दिवस वाया. आणि वर्ष बरोबर असलं तरी इंजिन, मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा पाइप) किंवा कार्ब कुणीतरी बदललेलं असू शकतं, त्यामुळे कागदावरचं वर्ष नाही तर समोर दिसणारे पार्ट बघून ठरवा.

अजून एक, काही काढून फेकायच्या आधी आपल्याकडचे नियम बघा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला स्मॉग चेकमधून (गाडीच्या धुराच्या सरकारी तपासणीतून) सूट आहे, पण ७६ ते ८० च्या एमजीबीला नाही, आणि तिथे नुसता धूर मोजत नाहीत, बॉनेटखालचे पार्ट जागेवर आहेत का तेही डोळ्यांनी तपासतात. नळी गायब म्हणजे नापास. बाकी राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत.

आता तयारी. इंजिन थंड पाहिजे, बॅटरीची अर्थिंगची वायर काढून ठेवा कारण पेट्रोलच्या वाफेशी खेळ आहे, आणि बॉनेटखालचा चिकटा आधी धुवून काढा, नाहीतर अर्ध्या नळ्यांची टोकं दिसणारच नाहीत. चारही बाजूंनी फोटो काढा. मग मास्किंग टेपचे तुकडे घेऊन प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर द्या आणि जिथून ती निघाली त्या तोटीलाही तोच नंबर चिकटवा, भले जोडणी चुकीची असली तरी. कारण आज गाडी निदान सुरू तरी होतेय, आणि काम अर्धवट राहिलं तर परत त्या स्थितीला जाता आलं पाहिजे.

यातून इमिशनशी (धूर-वाफ कमी करण्याशी) संबंध नसलेल्या नळ्या बाजूला काढा. ब्रेक सर्वोची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) जाड नळी मॅनिफोल्डला जाते, ती सोडून द्या. हीटरच्या नळ्या सोडा. स्ट्रॉम्बर्गवाल्या गाडीत कार्बच्या बाजूला ऑटोमॅटिक चोकला दोन नळ्या येतात, त्यात गरम पाणी असतं, व्हॅक्यूम नाही, आणि त्या ओढून काढल्यात तर कूलंट अंगावर. एवढं वगळलं की उरलेला पसारा निम्मा वाटायला लागतो.

उरलेल्याचे चार गट पडतात: क्रँककेसचा (इंजिनाच्या पोटाचा) श्वास, पेट्रोलच्या वाफेची लाइन, एअर पंप, आणि बारीक व्हॅक्यूम नळ्या. पहिले दोन एमजीबीत एकमेकांत गुंतलेत आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात, म्हणून त्यावर वेळ घालवा.

हवेचा रस्ता असा आहे. बाहेरची ताजी हवा कॅनिस्टरच्या बुडातून आत शिरते, कोळशातून वर जाताना त्यात साठलेली पेट्रोलची वाफ सोबत घेते, कॅनिस्टरच्या वरच्या तोटीतून निघून रॉकर कव्हरवरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरच्या) छोट्या नळीत येते, तिथून इंजिनाच्या पोटात उतरते, पिस्टनच्या बाजूनं निसटलेला वायू बरोबर घेऊन पुढच्या टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनाच्या बाजूच्या झाकणावरच्या) ऑइल सेपरेटरमधून बाहेर पडते, आणि तिथून वाय आकाराच्या नळीनं दोन्ही कार्बमध्ये जाऊन जळते. म्हणजे पेट्रोलची वाफ अख्ख्या इंजिनातून फिरून येते. हा रस्ता एकदा समजला ना की कॅनिस्टरची नळी थेट एअर फिल्टरला का लावायची नाही, टॅपेट कव्हरची नळी खाली मोकळी का सोडायची नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. ओढणारे आहेत कार्ब, बाकी सगळे नुसते रस्ते.

आता यातली मेख. रॉकर कव्हरवरची ती नळी बाहेरून साधीच दिसते पण आत तिचं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं आहे, जेमतेम २ मिलिमीटरचं. त्या बारीक भोकामुळेच हवा मोजून आत येते आणि क्रँककेसमध्ये हलका व्हॅक्यूम टिकून राहतो. लोक हौसेनं चकचकीत ॲल्युमिनियमचं रॉकर कव्हर बसवतात, त्यात हे बारीक भोक नसतं, मग हवा धो धो आत येते, कार्बकडे जाणारं मिश्रण पातळ होतं, आणि माणूस आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची किमान चाल) जुळवता जुळवता म्हातारा होतो. तसंच ऑइलच्या झाकणाचं. कॅनिस्टरवाल्या गाडीला बंद झाकण लागतं, जुन्या गाडीचं हवा घेणारं झाकण बसलं की परत तोच प्रकार. झाकणाच्या आतली रबरची चकती दगडासारखी कडक झाली असेल तरी तेच. रॉकर कव्हर बदललेलं असेल तर नळीच्या आत बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवून घ्या, काम स्वस्तातलं आहे आणि फरक लगेच दिसतो.

ऑइल सेपरेटर इंजिनाच्या डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, पुढच्या टॅपेट कव्हरवर असतो. डब्याच्या आत तारेची जाळी असते आणि चाळीस-पन्नास वर्षांत तिथे काळा चिखल साठून रस्ता बंद होतो. कव्हर काढायचं म्हणजे हात खरचटणार हे गृहीत धरा. केरोसीनमध्ये भिजवून, हलवून, परत भिजवून स्वच्छ करा, आणि तोंडानं फुंकून हवा सहज जाते का बघा. हे तुंबलं की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. एमजीच्याच छोट्या मिजेट गाडीच्या १२७५ सीसी इंजिनाला तर क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच, ऑइल मागे फिरवणारे नुसते आटे आहेत, तिथे हा श्वास नीट नसेल तर क्लचवर ऑइल येणारच. गॅस्केट बदलून बदलून थकलेल्यांनी आधी ही नळी बघावी.

तपासायचं कसं? इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि ऑइलचं झाकण काढा. आयडल बदललं पाहिजे, स्पष्ट जाणवेल इतकं. काहीच फरक पडला नाही तर एक तर कार्ब ओढत नाहीयेत किंवा हवा आधीच दुसरीकडून भरपूर येतेय. मग त्या भोकावर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवा, तो हलकासा आत ओढला गेला तर ठीक. उडून बाहेर यायला लागला, भक् भक् करत, तर रस्ता तुंबलाय किंवा पिस्टन रिंग थकल्यात.

आता कॅनिस्टर. वरच्या बाजूला तीन तोट्या: एकीवर मागून पेट्रोलच्या टाकीची वाफ येते, एकीवर कार्बच्या फ्लोट चेंबरची (जिथे पेट्रोल साठतं त्या कप्प्याची), आणि तिसरीतून रॉकर कव्हरकडे जायचं. बुडाला हवा आत यायची वाट. तोट्यांची अदलाबदल ही फार कॉमन चूक आहे. टाकीची लाइन ओळखायची तर कॅनिस्टरकडचं टोक सोडा, पेट्रोलचं झाकण उघडा, एकानं नळीत तोंडानं हलकं फुंकायचं आणि दुसऱ्यानं टाकीच्या तोंडाशी कान लावायचा, हवेचा आवाज आला की झालं. कॉम्प्रेसर लावून टाकीत हवा भरायचा शहाणपणा करू नका.

टाकीचं झाकणसुद्धा याच सिस्टिमचा भाग आहे. कॅनिस्टरवाल्या गाडीला बंद झाकण, म्हणजे टाकीला श्वास घ्यायला तेवढी एकच लाइन. कुणी कॅनिस्टर काढून ती लाइन बुजवली आणि झाकण तेच ठेवलं तर गाडी वीसेक मिनिटं मस्त चालते, मग पेट्रोल कमी पडून धडपडायला लागते, पेट्रोल ढकलणारा मागचा एसयू पंप टिकटिक करत राहतो, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जाते आणि गाडी परत ठणठणीत. हे लक्षण दिसलं की पंप बदलायला धावू नका.

कॅनिस्टर हातात घेऊन बघा. जड लागला, हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळलं, तर त्याचा दोष नाही. कार्बची फ्लोटची सुई गळतेय आणि जादाचं पेट्रोल वाफेच्या नळीतून इकडे उतरतंय. आधी सुई दुरुस्त करा, मगच नवा कॅनिस्टर, नाहीतर तोही भिजेल.

१९७३ नंतरच्या गाड्यांत कॅनिस्टरच्या बुडाची नळी थेट हवेत न सुटता रन-ऑन व्हॉल्व्हला जाते. चावी बंद केल्यावरही इंजिन खडखडत फिरत राहायचं, ते थांबवायला ही युक्ती केलेली. चावी बंद होते पण ऑइलचा दाब अजून असतो, तेवढ्या वेळात व्हॉल्व्हला करंट मिळतो, तो बाहेरच्या हवेची वाट बंद करतो आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कॅनिस्टरला जोडतो, तो व्हॅक्यूम कॅनिस्टरमधून उलटा फ्लोट चेंबरपर्यंत पोचतो आणि पेट्रोलला जेटमधून वर चढूच देत नाही. इंजिन गप्प. डोकं कुणाचं चाललं असेल त्याला सलाम, पण यासाठी सगळी सिस्टिम हवाबंद लागते, एक नळी चिरलेली असली तरी इंजिन खडखडत राहणार.

याच व्हॉल्व्हचा उलटा त्रास म्हणजे तो बंद स्थितीत अडकतो. मग टाकीला हवा नाही, फ्लोट चेंबरला हवा नाही, आणि गाडी सुरू होऊन मरते किंवा चढावर दम तोडते. दहा सेकंदांची टेस्ट आहे: कॅनिस्टरच्या बुडाची नळी ओढून काढा. गाडी लगेच सुधारली तर गुन्हेगार सापडला.

एअर पंपाचा गट दिसायला मोठा पण समजायला सोपा. पंप हवा ढकलतो, ती जाड नळीनं चेक व्हॉल्व्हमधून हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टांजवळच्या पाइपात जाते, तिथे न जळलेलं इंधन जळायला मदत करते. चेक व्हॉल्व्हचं काम म्हणजे एक्झॉस्टचा गरम वायू मागे येऊ द्यायचा नाही. त्याच्या पंपाकडच्या बाजूची नळी करपलेली, काचेसारखी कडक दिसली तर व्हॉल्व्ह गेला समजा. काढून दोन्ही बाजूंनी फुंका, एकीकडूनच हवा गेली पाहिजे. (चेक व्हॉल्व्ह खोलताना खालचा पाइप दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा, गंजलेला पाइप पिळवटून तुटतो आणि मग खरं काम सुरू होतं.)

पंपाच्या हवेचा एक फाटा गल्प व्हॉल्व्हला जातो. तुम्ही ॲक्सिलरेटर एकदम सोडता तेव्हा मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम उसळतो, भिंतींना चिकटलेलं पेट्रोल उडून मिश्रण एकदम श्रीमंत होतं आणि सायलेन्सरमध्ये फाट् फाट् आवाज येतात, ते टाळायला गल्प व्हॉल्व्ह क्षणभर जादा हवा मॅनिफोल्डमध्ये सोडतो. त्याला दोन जाड नळ्या आणि एक बारीक. बारीक नळी म्हणजे इशारा, ती मॅनिफोल्डलाच पाहिजे. ती सुटलेली असेल तर उतारावर फटाके, आणि व्हॉल्व्ह आतून गळत असेल तर आयडल हलतं. पंपाकडची जाड नळी काढा आणि आयडलला व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागता कामा नये, लागली तर व्हॉल्व्ह गळतोय.

बारीक व्हॅक्यूम नळ्या शेवटी. इथे एकच फरक कळला पाहिजे: थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेच्या) चकतीच्या खालची, म्हणजे मॅनिफोल्डची तोटी आयडललाही ओढते, आणि चकतीच्या काठाजवळची कार्बवरची तोटी आयडलला गप्प असते, थ्रॉटल थोडा उघडला की ओढायला लागते. व्हॅक्यूम गेज लावून कुठली कोणती ते आधी बघून घ्या, धडधाकट इंजिनाच्या मॅनिफोल्डला आयडलवर साधारण १६ ते २० इंच पारा दिसतो. ईजीआर व्हॉल्व्हला काठाची तोटी लागते. चुकून मॅनिफोल्डची लावलीत तर आयडललाच एक्झॉस्टचा वायू आत येतो आणि इंजिन थडथडून बंद पडतं. हातपंपानं ईजीआरला व्हॅक्यूम देऊन बघा, आयडलला इंजिन अडखळलं पाहिजे. नाही अडखळलं तर पडदा फाटलाय किंवा रस्ता कार्बननं भरलाय.

डिस्ट्रिब्युटरला मात्र वर्षाप्रमाणे वेगळी तोटी आहे, जुन्या एमजीबीत कार्बवरची आणि नंतरच्या अमेरिकन गाड्यांत मॅनिफोल्डची. सत्तरच्या मध्याच्या काही गाड्यांत मध्ये एक सोलेनॉइडही असतो जो फक्त चौथ्या गिअरमध्ये व्हॅक्यूम पुढे सोडतो, त्यामुळे न्यूट्रलला तपासून "नळी तुंबली" असं ठरवू नका. इंजिन बंद, चावी चालू, चौथा गिअर टाका आणि टिक् आवाज ऐका. ट्रायम्फ टीआर६ (ही दुसरी ब्रिटिश स्पोर्ट्सकार) वाल्यांनी अजून सावध राहायचं, कारण अमेरिकन टीआर६ च्या डिस्ट्रिब्युटरवर ॲडव्हान्सबरोबर (ठिणगी लवकर) रिटार्डचाही (ठिणगी उशिरा) कॅप्सूल असतो, आणि रिटार्डची नळी मॅनिफोल्डच्या बाजूला पाहिजे. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली की टायमिंग लाइट कितीही वेळ धरा, आकडा काही जुळत नाही.

नवीन नळ्या घेताना सगळीकडे एकच होज कापून लावायचा मोह होतो, तो आवरा. पेट्रोलच्या वाफेला इंधनासाठीचाच होज, क्रँककेसला ऑइल सोसणारा जाड भिंतीचा. हीटरचा होज तिथे लावलात तर ऑइलनं फुगून आतून मऊ होतो आणि व्हॅक्यूमनं चपटा पडतो, वरून कळत पण नाही. व्हॅक्यूमच्या इशाऱ्याच्या नळ्या साधारण ५/३२ इंची, पण व्हर्नियरनं तोटी मोजूनच घ्या. जिथे मूळ गाडीत साच्यातली वाकडी नळी होती तिथे सरळ होज वाकवून चालत नाही, कोपऱ्यात तो मोडतो. आणि जुनी नळी पिळून ओढू नका, ब्लेडनं लांबीत चीर देऊन सोलून काढा. कार्बवरच्या पितळी तोट्या नुसत्या दाबून बसवलेल्या आहेत, नळीबरोबर त्याही हातात येतात, आणि कॅनिस्टरच्या प्लास्टिकच्या तोट्या तर कटकन मोडतात.

ज्यांच्या गाडीवर आधीच वेबरचा डाउनड्राफ्ट कार्ब्युरेटर बसवलाय त्यांच्याकडे क्रँककेस ओढणारी कार्बवरची ती जागाच नाही. तिथे टॅपेट कव्हरची नळी पीसीव्ही (क्रँककेसची हवा मोजून सोडणाऱ्या) व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डला न्यावी लागते, व्हॉल्व्हशिवाय थेट मॅनिफोल्डला कधीच नाही, नाहीतर आयडलला प्रचंड हवा आणि ऑइलही ओढलं जातं. एअर पंप काढलेला असेल तर हेडमधली चार भोकं ७/१६ यूएनएफच्या स्क्रूनं नीट बुजवलीयत का बघा. आणि वापरात नसलेल्या प्रत्येक तोटीवरची रबरी टोपी बोटानं दाबून बघा, या टोप्या बुडाशी चिरतात आणि समोरून अगदी नव्यासारख्या दिसतात.

काम एका वेळी एकाच गटाचं करा, एक गट झाला की गाडी सुरू करून बघा, मगच पुढचा. चारही झाले की गळती शोधायला आयडलवर जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, कुठे आवाज बदलला की तिथे फट (कार्ब क्लिनर लोक मारतात, पण गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अगदी खाली आहे, विचार करा). डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर मात्र पाणी जाऊ देऊ नका. मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी मिश्रण, कारण आतापर्यंतचं मिश्रण चोरट्या हवेच्या हिशोबानं जुळवलेलं होतं आणि ती हवा बंद झाल्यावर गाडी जादा पेट्रोल पिणार. दहा-पंधरा मैल फिरवून आणा, इंजिन थंड झाल्यावर क्लिपा परत एकदा आवळा, आणि कुठली नळी एक्झॉस्टला किंवा पंख्याच्या पट्ट्याला घासतेय का ते टॉर्च मारून बघा.